वॅगनार मिसिंग करून राहिली, प्लग घरीच बदलू का?

सोयाबीन_पिवळं
रविवार, रात्री ९:१२

राम राम राजेहो.

गाडी २०१४ ची वॅगनार, पेट्रोल, एक लिटरचं तीन सिलेंडरवालं इंजिन, ७८ हजार किलोमीटर झाले. आठ दिवसांपासून मिसिंग करून राहिली, म्हणजे मधेमधे सिलेंडर पेटच घेत नाही. चालू होते, पण उभी असली की अशी थरथरते जशी थ्रेशरवर बांधून ठेवली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये झटके. इंजिनचा पिवळा दिवाही लागला आहे.

आमचं गाव दिग्रसपासून १४ किलोमीटर आत. गावातला मिस्त्री टू-व्हीलर अन् मोटारपंपाचा. त्यानं बोनट उघडून पाह्यलं अन् म्हणे, "भाऊ, याच्यात तर प्लगची वायरच नाही दिसून राहिली, मी हात नाही लावत." मोठ्या गॅरेजवाल्याले फोन केला तर तो म्हणते दिवाळी झाल्यावर आणा. मले तर दिवाळीले बहिणीला आणायला पुसदले जायचं आहे.

सोयाबीन घरात आलं, कपाशीच्या वेचणीले अजून चार-सहा दिवस आहेत. तेवढाच वेळ. गाडी २०१९ ले सेकंडहँड घेतली तेव्हापासून प्लगले कोणी हात लावला नाही. लुनाचा अन् एम-८० चा प्लग मी शंभरदा खोलला असन. कारचा एकदाही नाही. घरी जमते का? काय काय लागते?

---

पेठेतला
रविवार, रात्री ९:४०

कशाला हा उपद्व्याप? ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला फोन करा, ते घरून गाडी घेऊन जातात आणि संध्याकाळी आणून देतात. प्लग स्वस्त असतात, पण चूक झाली तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागतं.

---

संत्रा_बर्फी
रविवार, रात्री ९:४८

दादा, ते "घरून घेऊन जातात" ते पुण्यात. आमच्या वरूडच्या पुढं गाडी बंद पडली तर पहिले ट्रॅक्टर येते, मग शेजारी येते, मग सल्ला येते. सर्व्हिस सेंटर शेवटपर्यंत येत नाही.

बाकी माझाही एक प्रश्न. माझी बोलेरो आहे. मागच्या वर्षी धूर मारत होती म्हणून मी अर्धा घंटा प्लग शोधला, सापडलाच नाही. कुठे असते?

---

पाना_दहाचा
रविवार, रात्री १०:०५

संत्रा भाऊ, तुमची बोलेरो डिझेल आहे ना बाप्पा! डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसतेच. तिथं हवा इतकी दाबली जाते की डिझेल आपोआप पेटते. जो असते तो हीटर प्लग, थंडीत सकाळी चालू व्हायले मदत करते बस. धुरासाठी डिझेल फिल्टर, नोझल, एअर फिल्टर पाहा.

सोयाबीन भाऊ, तुमच्यासाठी उद्या सकाळी सविस्तर लिहितो. आज रात्री एकच सांगतो. दिवा नुसता लागून राहिला की लुकलुकून राहिला? लुकलुकत असन तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, अन् तो पार्ट बसवायचा म्हटलं तर एक बैल विकावा लागन.

---

सोयाबीन_पिवळं
रविवार, रात्री १०:२१

आधी नुसता लागला होता. काल चढावर लुकलुकला. आता शेडमधून काढतच नाही.

---

पाना_दहाचा
सोमवार, सकाळी ६:५०

वणीले माझं छोटं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. कोळशाच्या धुळीत गाड्या खोलतो. जसं मी करतो तसंच सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिन थंड पाहिजे. रात्रभर उभी राहिली असन तर सकाळी हात घाला. हेड ॲल्युमिनियमचं असते. तापलेल्या हेडातून प्लग ओढला तर आटे सोबत घेऊन येते. मे महिन्यात तर आमच्याकडे दुपारी उभी गाडीही हात लावू देत नाही, मी तेव्हा प्लगचं काम पहाटेच करतो.

तुमच्या मिस्त्रीले वायर काहून दिसली नाही? जुन्या ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटरमधून जाड काळ्या वायरी यायच्या. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्ट बनवणारा पार्ट, बसली आहे. वरून काळे टोपण दिसतात ना तीन, तेच. वरचा एअर फिल्टरचा डबा आडवा येत असन तर आधी तो काढून ठेवा. पाइप कुठून निघाला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चावी काढून खिशात. कॉइलचं कनेक्टर काढताना क्लिप दाबून कनेक्टरच धरून ओढा, वायर धरून नाही. दहा वर्षांचं प्लास्टिक कुरकुरीत पापडासारखं झालेलं असते. कॉइलचा बोल्ट दहाच्या पान्यानं निघते, मग कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत सरळ वर काढा.

आता इथं लोकं चुकतात. कॉइल निघाल्यावर खाली विहिरीसारखा खड्डा दिसते, प्लग त्याच्या तळाशी. त्या विहिरीत धूळ, कचरा, सोयाबीनचं कुटार, काय वाटेल ते असते. प्लग काढला की ते सगळं सिलेंडरमध्ये. म्हणून पहिले हवा मारा. कंप्रेसर नसन तर सायकलचा पंप चालते. डोळे मिटून मारा, मी एकदा उघडे ठेवले होते.

पाना लांब लागते, आतून रबर किंवा चुंबक असलेला, म्हणजे प्लग विहिरीतून वर येते. मापाचं अंदाजानं घेऊ नका. जुन्या ८०० ले २१ चा लागत होता, आताच्या बऱ्याच गाड्यांले १६ चा, काहींले १४ चाही. दुकानातच नवीन प्लगवर पाना बसवून पाहा.

एका वेळी एकच सिलेंडर. एक काढा, बसवा, मग दुसरा. काढलेले प्लग क्रमानं ठेवा, १, २, ३ लिहून. बेल्टच्या बाजूचा तो १.

बसवताना पान्यानं सुरुवात करायची नाही. फवारणी पंपाच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या पांढऱ्या मानेवर घट्ट बसेल असा. त्यानं प्लग खाली सोडा अन् नळी बोटानं फिरवा. आटे तिरपे लागले तर नळी प्लगवर घसरते, पुढं जात नाही. पान्याले हे समजत नाही, तो तिरपाही आवळून टाकते. सगळे आटे हातानं बसले, वायसर टेकला, की मग पान्यानं अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. नवीन प्लगचा वायसर पोकळ असते, तो दबला पाहिजे. डब्यावर बहुतेक चित्र असते, ते पाहून करा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेला आहे, मग नुसता टेकल्यावर जरासाच, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा.

---

बाईंची_अल्टो
सोमवार, सकाळी ७:३०

दहाचा पाना दादांनी नळीची युक्ती सांगितली ती मला चार वर्षं आधी कळली असती तर बरं झालं असतं.

मी आरमोरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, रोज जाऊन-येऊन ५२ किलोमीटर अल्टोनं. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून घेतले. पोऱ्यानं लांब दांड्याचा पाना लावून पहिल्याच फेऱ्यापासून आवळला. तिसऱ्या दिवशी जंगलाच्या रस्त्यात फटकन आवाज झाला. प्लग आट्यांसकट वर उडून आला होता, बोनटला आतून ठोकर बसली. नेटवर्क नाही. दोन तास एका लाकडाच्या ट्रकवाल्याची वाट पाहिली.

नंतर नागपूरला हेडमध्ये हेलिकॉइल टाकून घेतली. म्हणजे गेलेले आटे ड्रिलनं मोठे करून आत स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवतात. ते नीट होतं, अजून टिकलंय. पण तेव्हापासून प्लग मी स्वतः बदलते. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की पहिल्या रविवारी. आमचे हे टॉर्च धरतात आणि चहा करतात.

---

जुना_डेपो
सोमवार, सकाळी ९:१५

मी अकोल्याचा. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. तिथं सगळी डिझेलं, पण घरी फियाट होती, तिचे प्लग मी दर पंधरवड्याला काढून पाहायचो. हौस होती.

सोयाबीन, प्लग बदलशील ते बदल, पण काढलेला प्लग फेकू नको. तो पाहा आधी. नाकाचं चिनीमातीचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं तपकिरी असेल तर तो सिलेंडर सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा, चकचकीत आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढतंय. पांढराफटक आणि टोकावर फोड असतील तर फार गरम होतंय, किंवा प्लगची हीट रेंज, म्हणजे उष्णता बाहेर सोडायची ताकद, चुकीची. आणि पेट्रोलनं ओला असेल, वास येत असेल, तर तिथं ठिणगीच पडत नाही. हे लक्षात ठेव.

---

संत्रा_बर्फी
सोमवार, सकाळी ९:२२

काका, तुम्ही प्लग पाहता का पत्रिका?

---

जुना_डेपो
सोमवार, सकाळी ९:४०

पत्रिका खोटी बोलते, प्लग नाही बोलत.

---

दारव्ह्याची_तूर
सोमवार, सकाळी १०:०२

इरिडियम टाका. महाग आहेत पण लाख किलोमीटर पाहायची गरज नाही. साधे निकेलचे तीस-चाळीस हजारात जातात.

---

पाना_दहाचा
सोमवार, दुपारी १:१०

तूर भाऊ, इरिडियम चांगलाच, पण याच्यानं पिकअप वाढते असं जे दुकानदार सांगते ते खरं नाही. साधा प्लग नवा असला तर फरक कळत नाही. इरिडियमचं टोक बारीक असते, तारेसारखं. इरिडियम फार कडक धातू, म्हणून लवकर झिजत नाही. पण त्याचा गॅप, म्हणजे मधलं टोक अन् आडव्या पत्तीतलं अंतर, करायले गेलं अन् जोर लागला तर मधलं टोक तुटते. आडव्या पत्तीलेच हळू वाकवायचं, मधल्या टोकाले टेकू द्यायचा नाही. अन् वायर ब्रश तर लावायचाच नाही.

वर्षाले आठ-दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीले साधा प्लग चार वर्षं जाते. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच घ्या. तेवढ्यात इरिडियमचे पैसे तुरीच्या बियाण्यात टाका.

गॅपचं सांगायचं राहिलं. बऱ्याच प्लगच्या नंबरात शेवटी १० किंवा ११ असते, म्हणजे १.० किंवा १.१ मिलिमीटर. नवे प्लग बहुतेक ठीक येतात, पण खोक्यात आपटलेला असू शकते. म्हणून फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायची पातळ पानं, घालून पाहा. गेज नसन तर कोणाच्या टू-व्हीलर गॅरेजात असतेच, टॅपेटसाठी.

---

दारव्ह्याची_तूर
सोमवार, दुपारी १:३५

बरं बरं, माघार. पण आट्यांना ग्रीस लावा एवढं तरी ऐका.

---

पाना_दहाचा
सोमवार, दुपारी १:४१

तेही नाही, भाऊ! चांगल्या प्लगच्या आट्यांवर कंपनी आधीच मुलामा चढवून देते. ग्रीस लावलं की प्लग सुळकन जाते, हाताले वाटते अजून बसला नाही, अन् माणूस जास्त आवळते. आटे कोरडेच बसवा. रबराच्या टोपणात आतून सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावलं तर चालते, ते पुढच्या वेळी टोपण फाटू देत नाही. बैलगाडीचं ग्रीस नका लावू, रबर फुगते.

---

पेठेतला
सोमवार, दुपारी ३:०८

मी कधी प्लग पाहिलाही नाहीये, पण हा धागा सोडवत नाहीये. एक प्रश्न. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यामुळे मिसिंग होत असेल का?

---

जुना_डेपो
सोमवार, दुपारी ४:२०

चांगला प्रश्न. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. जुन्या गाडीतले काही रबरी पाइप, ओ-रिंग याला सवयीचे नसतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत गोंधळ होऊ शकतो. पण ते झालं तर तिन्ही सिलेंडर रडतील. एकच सिलेंडर रडत असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका. प्रश्न असा की एकच रडतोय का तिन्ही.

---

दारव्ह्याची_तूर
सोमवार, दुपारी ४:३३

ते कळतं ना. माझ्याकडे गाडीचा बिघाड वाचणारं ब्लूटूथवालं ओबीडी स्कॅनर आहे, स्टेअरिंगखाली लावायचं, मोबाइलवर कोड येतो. पी०३०० म्हणजे कुठंही मिसिंग, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरला, ०३०२ म्हणजे दुसऱ्याला. सोयाबीन भाऊ, गुरुवारी दिग्रसच्या बाजारात येणार आहे, घेऊन येतो. नेऊन वापरा, पुढच्या गुरुवारी परत द्या.

---

सोयाबीन_पिवळं
सोमवार, रात्री ८:५५

सगळ्यांले हात जोडून धन्यवाद. तूर दादा, गुरुवारपर्यंत धीर निघन असं वाटत नाही, पण आणजा.

आज प्लग आणले. पहिल्या दुकानात जे दिले ते खोक्यातून काढताच वायसर खाली पडला. गोल फिरून टेबलाखाली. मले शंका आली म्हणून घेतले नाही. दुसऱ्या दुकानात घेतले, तीन प्लग चारशेच्या आत बसले. हे बरोबर केलं का?

---

पाना_दहाचा
सोमवार, रात्री ९:०३

एकदम बरोबर. अस्सल प्लगचा वायसर आट्यांवर अडकवलेला असते, आपोआप सुटून पडत नाही. छपाई पुसट असली, मधलं टोक अन् वरची पत्ती एका रेषेत नसली, तरी सोडून द्या. नकली प्लगची चिनीमाती तडकते, अन् तडकलेला तुकडा आत पडला की पिस्टन पार ओरबाडते.

---

सोयाबीन_पिवळं
मंगळवार, सकाळी ११:३०

केलं! म्हणजे अडीच केलं. ऐका.

पहाटे साडेपाचले लागलो. बाबा कंदील... म्हणजे चार्जिंगचा लाइट घेऊन उभे. लाइन रात्री शेतीची होती, घरची गेली होती. पहिलं टोपण काढलं. सायकलचा पंप मारला तर विहिरीतून काय निघालं सांगू? सोयाबीनचे चार दाणे, अर्धवट कुरतडलेले. बाबा म्हणाले, "इंजिनात पेरणी केली काय रे?"

पहिला प्लग सहज निघाला. काकांनी सांगितला तसाच तपकिरी. पण गॅप पाह्यला तर १.० च्या जागी गेजचं १.४ चं पान आरामात गेलं. पत्तीचे कोपरे गोल झाले होते. नवा टाकला. नळीनं फिरवला. वा, काय युक्ती आहे! दोनदा तिरपा लागला, दोन्ही वेळा नळी घसरली, काढून परत लावला.

दुसरा प्लग निघाला तर ओला. पेट्रोलचा वास आला. काका, तुमचीच आठवण झाली.

तिसरा अडकला. पाव फेरा फिरला अन् थांबला, करकर आवाज करून राहिला. मी सोडून दिला. आता काय करू? गाडीत दोन नवे अन् एक जुना.

---

बाईंची_अल्टो
मंगळवार, सकाळी ११:३८

थांबलात हे फार छान केलं. आता जोर लावू नका. मी कधीच असा अडकलेला काढला नाही, त्यामुळे दादांची वाट पाहा.

---

पाना_दहाचा
मंगळवार, सकाळी ११:५२

जिथं आहे तिथून परत आवळा, पाव फेरा. मग विहिरीत गंज सोडवायचं तेल तीन-चार थेंब, जास्त नाही. दोन तास चहा प्या. मग आवळा-सोडा, आवळा-सोडा, प्रत्येक वेळी जरासं पुढं. आट्यात कार्बन बसलेला आहे, तो या मागं-पुढं करण्यानं मोकळा होते. तरी नाही हललं तर कॉइल तात्पुरती बसवून इंजिन दोन मिनिटं चालू करा, हेड कोमट झालं की परत प्रयत्न. कोमट म्हणतो आहे, तापलेलं नाही. हाताले सहन झालं पाहिजे.

अन् सहा इंचांपेक्षा लांब दांडा नाही. पाइप घालून दांडा वाढवायचा मोह होते, मले माहीत आहे.

---

संत्रा_बर्फी
मंगळवार, दुपारी १२:१०

मोह होते म्हणजे काय, आमच्या इथं पाइप पान्यासोबतच ठेवलेला असते.

---

सोयाबीन_पिवळं
मंगळवार, संध्याकाळी ५:४०

निघाला! चौथ्या वेळी. आट्यांवर काळं किट्ट. तिन्ही नवे बसले. मोठ्या आनंदात चावी फिरवली...

थरथर तशीच.

मले रडू आलं म्हणा. बाबा काही बोलले नाही, लाइट बंद करून घरात गेले. आता कॉइल आणू का? दुकानात विचारलं, दोन हजारांच्या वर सांगून राहिला एकीचे.

---

जुना_डेपो
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

पैसे खिशात ठेव. दुसरा प्लग ओला निघाला तेव्हाच मला वाटलं होतं, लिहिणार होतो, पण डोळ्यात थेंब टाकले होते. तुझे प्लग म्हातारे होतेच, बदललेस ते योग्य. पण आजार प्लगमध्ये नव्हता. दुसऱ्या सिलेंडरला ठिणगी पोचत नाही. कॉइल मेली आहे का, तेवढं उद्या फुकटात तपास.

दुसऱ्या सिलेंडरची कॉइल पहिल्याला लाव, पहिल्याची दुसऱ्याला. गुरुवारी स्कॅनर येतोच आहे. कोड ०३०१ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल आण. ०३०२ वरच राहिला तर कॉइल चांगली आहे आणि दोष वायरिंगमध्ये, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या दाबात. कॉम्प्रेशनची भीती शेवटी बाळग.

आणि एक, प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून ठिणगी पाहायची लुनाची सवय इथं नको. कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट सोडते आणि उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ वर येत असते.

---

सोयाबीन_पिवळं
मंगळवार, संध्याकाळी ६:१४

काका, खरं सांगू का? तेच करणार होतो.

---

दारव्ह्याची_तूर
गुरुवार, दुपारी २:२०

स्कॅनर दिलं भाऊंना. त्यांनी मला शेर-दीड शेर सोयाबीन दिलं, मी नको म्हटलं तरी. आता वाट पाहतोय.

---

सोयाबीन_पिवळं
गुरुवार, रात्री ७:४८

कोड पी०३०२. कॉइलची अदलाबदल करून, कोड पुसून, दहा मिनिटं चालवली. परत पी०३०२. जागचा हलला नाही.

म्हणजे कॉइल चांगली. दोन हजार वाचले.

मग काकांचं ऐकून वायर पाहत गेलो. दुसऱ्या कॉइलच्या कनेक्टरच्या मागं काळी टेप गुंडाळलेली होती ना, ती खालून उघडी. आत एक वायर अर्धी कुरतडलेली, तांब्याचे दोन-तीन केस धरून होती. गाडी हलली की कधी टेकायची, कधी सुटायची. अन् बाजूले, इंजिनच्या अन् भिंतीच्या मधल्या खाचेत, कापसाची अन् सोयाबीनच्या टरफलाची गादी. उंदीर मामांचा वाडा.

आमच्याच शेडमध्ये, गाडीच्या बाजूले, चाळीस पोते सोयाबीन ठेवलं होतं. मिसिंग सुरू व्हायच्या जरा आधीच ठेवलं होतं.

---

पेठेतला
गुरुवार, रात्री ७:५५

अहो, हे तर गुप्तहेर कथेपेक्षा भारी निघालं.

---

पाना_दहाचा
गुरुवार, रात्री ८:३०

आमच्याकडे सोयाबीन निघालं की माझ्या गॅरेजात दर आठवड्याले दोन गाड्या अशाच येतात, अन् मीच विचारायचं विसरलो की गाडी कुठं उभी राहते! माफ करा, भाऊ.

आता जोड द्या. टेप गुंडाळून नुसती वायर पिळू नका, इंजिनच्या थरथरीत पंधरा दिवसात सुटन. दोन्ही बाजू सोला, सोल्डर मारा, वर उष्णतेनं आवळणारी नळी. तुमचा मोटारपंपवाला मिस्त्री वाइंडिंग करते ना? त्याच्यासारखा सोल्डर जिल्ह्यात कोणी मारणार नाही, त्यालेच बोलवा. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढूनच करायले सांगा.

---

बाईंची_अल्टो
गुरुवार, रात्री ८:४४

उंदरांसाठी मी डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, सगळं करून पाहिलं. पंधरा दिवस वास असेपर्यंत ठीक. खरा उपाय एकच, धान्य आणि गाडी वेगळ्या ठिकाणी, आणि रोज नाही तरी एक दिवसाआड गाडी चालू करायची. उभी गाडी म्हणजे त्यांना गोदाम.

---

सोयाबीन_पिवळं
शनिवार, सकाळी ८:१०

मिस्त्रीनं सोल्डर मारला. बोनटले हात लावत नाही म्हणणारा माणूस दोन घंटे आत वाकून होता. चावी फिरवली अन् गाडी अशी चालली की चालू आहे का बंद हे समजेना. कोड पुसला, चाळीस किलोमीटर फिरवून आणली, दिवा परत लागला नाही. चढावर झटका नाही.

पोते देवघराच्या बाजूच्या खोलीत हलवले. आईचा आरडाओरडा चालू आहे.

जुने तीन प्लग काकांसाठी डब्यात भरून ठेवले, १, २, ३ लिहून. फोटो टाकतो.

---

जुना_डेपो
शनिवार, सकाळी ८:५२

फोटो पाहिला. एक आणि तीन चांगलेच झिजलेत, गेजनं खरं सांगितलं. दुसरा वाळल्यावरही काळसर, तो न पेटलेल्या पेट्रोलचा. पॉलिश पेपरनं घासून परत वापरू नको, त्याचे कण चिनीमातीत अडकतात आणि सिलेंडरमध्ये जातात. लुना सहन करायची, ही करणार नाही.

---

संत्रा_बर्फी
शनिवार, सकाळी ९:१५

मंग आता सगळ्यांनी मिळून माझ्या बोलेरोच्या धुराचं पाहा ना.

---

सोयाबीन_पिवळं
बुधवार, रात्री १०:३०

पुसदवरून आताच आलो. बहीण, दोन भाचे, पाच पिशव्या, अन् चढावर कुठंही दुसऱ्या गिअरवर यावं लागलं नाही. भाच्याले प्लगचा किस्सा सांगितला तर तो मागच्या सीटखाली उंदीर शोधत बसला.

तूर दादा, स्कॅनर उद्या बाजारात आणतो. एक अडचण आहे. आमचा मिस्त्री प्लगचा पाना अन् नळीचा तुकडा दोन्ही मागून घेऊन गेला, गावातल्या दुसऱ्या एका वॅगनारचे प्लग खोलायचे म्हणे. चार दिवस झाले, अजून परत आला नाही.